सांबराचा वाटा

मंगळवार, ९ ऑक्टोबर १९३४

असला हुकूम लिहायला माझाच हात सापडला!

पुण्याहून कुणी बडा साहेब शिकारीला येणार आहे. आमच्या रानातल्या त्या मोठ्या सांबरावर त्याचा डोळा — शिंगं दिवाणखान्यात लावायचीत म्हणे. म्हणून रेंजरसाहेबांचा हुकूम: साहेबाची शिकार होईपर्यंत नदीकाठच्या शेतांत कुणी डबे बडवायचे नाहीत, शेकोट्या करायच्या नाहीत, माळ्यावरून हाळी द्यायची नाही. सांबर बिचकून पलीकडच्या डोंगरात गेलं तर? राखणीच्या ठासणीच्या बंदुकासुद्धा ऑफिसात जमा करायच्या. कपाटाची किल्ली माझ्याकडे.

आणि भात पिकायला आलंय! साहेब येईपर्यंत सांबरं काय उपास धरणार आहेत?

मी म्हटलं, "साहेब, लोकांचं भात जाईल हो."

"रघुवीर, तुम्हाला पगार भात राखायचा मिळतो की जंगल राखायचा?" वर हसले. दौत उचलून डोक्यावर ओतावी असं वाटलं. ओतली नाही. हुकूम वळणदार अक्षरात लिहून दिला.

बुधवार, १० ऑक्टोबर

चावडीत हुकूम वाचायला कोण? मीच!

मष्णू पुढेच बसला होता. त्याच्याच घराच्या पुढच्या खोलीत माझं बिऱ्हाड, त्याच्याच चुलीवरचं मी जेवतो, आणि त्याचंच शेत रानाला अगदी लागून. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग आमी राखणीला जाऊन करायचं काय अण्णा? सांबरास्नी वाढायचं?" चावडी हसली. मी कागदाची घडी घालत बसलो. चार घड्या घातल्या तरी संपेना.

जेवायला बसलो तर त्याची बायको, यशोदाआक्का, ताट ठेवून म्हणाली, "जेवा, कारकून सायेब."

तीन वर्षं अण्णा होतो या घरात!

गुरुवार, १८ ऑक्टोबर

साहेबाचं येणं लांबलं. पुण्यात घोड्यांच्या शर्यती आहेत. घोडे पळेपर्यंत सांबरांनी चरायचं. वा रे राज्य!

रविवार, २१ ऑक्टोबर

मष्णूबरोबर शेतावर गेलो. जायला नको होतं. गेलो नसतो तर बरं वाटलं असतं.

वरच्या दोन खाचरांत लोंबीच नाही. नुसते दांडे उभे. बाकीचं तुडवून चिखलात घातलेलं. मधोमध त्या मोठ्याच्या खुरांचे ठसे, आणि लेंड्या — आमच्या नाकावर टिच्चून! मष्णूने भाताचं एक मोडलेलं धाट उचललं, हातात फिरवलं, परत खाली ठेवलं. शिव्या घालील असं वाटलं होतं. घातल्या असत्या तर मीही दोन घातल्या असत्या.

परतताना म्हणाला, "अण्णा, एक रोज किल्ली द्या. लई न्हाय. एक बार काढतो नि बंदूक परत ठेवतो."

नाही म्हटलं. बेळगावात आई आहे, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचंय, नोकरी गेली तर खायचं काय — हे सगळं सांगितलं. तो "व्हय, व्हय" म्हणत राहिला. त्याच्या त्या व्हय-व्हयचाच मला राग आला. भांडला असता तर!

शुक्रवार, २ नोव्हेंबर

आला एकदाचा साहेब!

हाक्याला अख्खं गाव रानात घातलं. ज्यांचं भात गेलं तेच ओरडत सांबर हाकताहेत, आणि साहेब झाडावर बांधलेल्या मचाणावर, शेजारी चहाची किटली. मी खाली, डब्यातली बिस्किटं सांभाळायला. मोठं सांबर बरोबर समोरून गेलं. साहेबाने दोन बार काढले. दोन्ही झाडांना!

मग म्हणे हाकेकरी खोकले. रेंजरसाहेब लगेच गावावर खेकसले. साहेब म्हणाला हरकत नाही, दिवाळीनंतर परत येईन. म्हणजे हुकूम चालूच! मोटारीत बसताना त्याने मला रिकामा बिस्किटाचा डबा बक्षीस दिला. डबा! बडवायला बंदी आहे, नाहीतर मष्णूला दिला असता.

सोमवार, ५ नोव्हेंबर

काल गावाने मोठं सांबर मारलं.

मला आज कळलं, आणि तेही आमच्या गार्डाकडून, रवळूकडून. रेंजरसाहेब खानापूरला गेले होते, मी रविवार असूनही ऑफिसात माश्या मारत होतो. बंदुका कपाटात, म्हणून कुत्री आणि भाले घेऊन भरदिवसा निघाले. ओढ्याच्या डोहात कोंडलं, पहिला भाला मष्णूचा. मग रीतीप्रमाणे देवळापुढे वाटे घातले. या गावात शिकारीचा वाटा प्रत्येक चुलीला जातो. रानात गेलेल्याला, न गेलेल्याला, एकट्या म्हातारीला, धावलेल्या कुत्र्यांनासुद्धा. गार्ड असून रवळूलाही गेला! "लई झ्याक हुतं, रघुवीरण्णा," म्हणाला. मिशीवरून हात फिरवत.

माझ्या ताटात काल पेज. आज पेज आणि खर्डा.

"आक्का, आणखी काय आहे?"

"पेजच हाय."

गल्लीत शेजारच्या घरांतून मसाल्याचा वास येतोय आणि आमच्या चुलीवर नाव नाही. म्हणजे दुसरीकडे शिजवून, माझ्यापासून लपवून खाल्लं!

मंगळवार, ६ नोव्हेंबर

डोकं तापलंय. सणाचे दिवस, आणि एका घरात बसून आम्ही बोलत नाही.

किल्ली दिली नाही हे मान्य. पण यांच्या मुलीला ताप भरला तेव्हा पावसातून खानापूरचा डॉक्टर कुणी आणला? राखणीच्या बंदुकीचा अर्ज कुणी लिहून दिला? कुत्र्यांना वाटा, आणि मला नाही! कुत्र्याच्याही खालचा झालो मी?

मटणासाठी जीव जात नाही माझा. बेळगावात पाहिजे तेव्हा मिळतं. पण वाटा नाही म्हणजे तू या गावचा नाहीस, असंच सांगितलं ना? तेही तोंडाने नाही. पेज वाढून!

गुरुवार, ८ नोव्हेंबर

रेंजरसाहेबांच्या कानावर गेलंच. संशय थेट मष्णूवर. उद्या रवळनाथाच्या देवळात बेलभंडार उचलायचा. हातात देवाचा बेल आणि भंडारा असताना इथलं कुणी खोटं बोलत नाही. साहेबांना हे मागच्या वर्षी सागवानाच्या चोरीत कळलं, तेव्हापासून तपासाचे कष्ट घेत नाहीत. गुरवाचा नियम असा की एका कामाला एकाच माणसाने उचलायचा, देवाला दुसऱ्यांदा विचारायचं नाही. मागच्या वर्षी साहेबांनी सरकारी माणूस म्हणून मलाच उभं केलं होतं. त्यातून यंदा संशय मष्णूवर, आणि मी त्याच्याच घरात राहतो. उद्याही मलाच उभं करणार, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

करू देत. सांगून टाकतो सगळं! डोह, भाले, रवळूची मिशी. मी या गावचा नाही ना? मग मला कुणाची भीड?

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

सगळं गाव जमलं होतं. साहेबांनी मलाच पुढे बोलावलं. गुरवाने हातावर बेल ठेवला, भंडारा ठेवला.

"मष्णूच्या घरात सांबराचं मटण आलेलं पाहिलंत? शिजलेलं? तुम्ही खाल्लंत? देवापुढे सांगा."

मी आक्काकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी घाबरेल. ती माझ्याकडे सरळ बघत उभी होती, जेवायला कधी बसताय असं विचारावं तशी.

पाहिलं नाही, शिजलं नाही, खाल्लं नाही, एवढंच म्हणालो. अक्षर न अक्षर खरं. पुढचं सांगायचं होतं, पण जीभ उचलेना. राग गेला नव्हता. तरी उचलेना.

"झालं," गुरव म्हणाला. "देवाला आता तरास न्हाय." आणि माझ्या हातातला बेल काढून घेतला. साहेब चरफडत गेले. पुण्याला मजकूर गेला: मोठं सांबर डोंगरापलीकडे निघून गेलं. हुकूम मागे. बंदुका मी स्वतः कपाटातून काढून दिल्या. मष्णूने आपली घेतली आणि तडक शेताकडे गेला. अर्धं भात केव्हाच गेलंय.

उद्या दुसरी खोली बघतो.

रविवार, ११ नोव्हेंबर

दुपारी गुरव परातीवर फडकं टाकून आला. आक्काने तव्यावर तेल सोडलं. धुरात वाळवून काळी पडलेली सांबराची खांडं! सगळ्यांची ताटं मांडली.

"बसा अण्णा," आक्का म्हणाली. "तुमचा वाटा. भंडार तुमास्नीच उचलाय लावणार, ठावं हुतं. म्हणून घरातच आणला न्हाय."

आणि तुमचा वाटा कधी खाल्लात, असं मी मष्णूला विचारलं.

"तुमास्नी पेज वाढून आमी कसं खाणार?" तो खाली बघत म्हणाला. "आमी बी आजच खातोय."