मामा नीमाकडचे तीन ड्रेस

४ मार्च, मोरोगोरो, टांझानिया
घरून आणलेल्या, आईने शिवलेल्या सातपैकी चार ड्रेस विरले. इथलं ऊन, बोअरचं पाणी. दीड वर्ष टिकले तेच खूप. जेवताना रेवती मॅडम (ऑफिसात भारतीय आम्ही दोघीच, त्या पुण्याच्या) म्हणाल्या, "अश्विनी, तुझे सगळे ड्रेस एकाच साच्यातले. शिवतं कोण गं?"
"गावात एक बाई आहे."
पटकन तोंडातून गेलं. आणि सकाळीच मी बचतगटातल्या बायकांपुढे अर्धा तास बोलले होते, हातच्या कामाला कमी लेखू नका म्हणून.

७ मार्च
रे. मॅ. शिंपिणीकडे घेऊन गेल्या. मामा नीमा. नीमा हिची मुलगी. इथे बाईला मूल झालं की तिचं स्वतःचं नाव मागे पडतं, सगळे मुलाच्या नावाने हाक मारतात. मामा म्हणजे आई.
दुकान म्हणजे पत्र्याखाली पायमशीन. मापाला आईने शिवलेला निळा ड्रेस दिला. तिने आधी तो उलटा केला. काखेत आई एक चौकोनी तुकडा जोडते, हात वर केला तरी ड्रेस ओढत नाही. त्या तुकड्यावर बोट फिरवत बसली. कुणाचं काम हे?
"सुमन नावाची बाई आहे."
"नाव नको. कुणाची आई ते सांग. मोठ्या बाईला नुसत्या नावाने कशी हाक मारू?"
रे. मॅ. शेजारीच उभ्या.
मी म्हणाले, "तिला मूल नाही."
मामा नीमाने मशीनवरचा हात उचलून छातीवर ठेवला. "पोले," म्हणाली. वाईट वाटलं की इथे असं म्हणतात.

८ मार्च
झोपूनही तेच. रे. मॅ.ना दोष देता येत नाही, त्यांनी सहज विचारलं होतं.
अंबाजोगाईच्या हॉस्टेलवर मी 'शिंपिणीची' होते. दर सोमवारी वडवणीहून एस.टी.ने मुलींच्या, आईने शिवलेल्या ब्लाऊजची पिशवी न्यायची. तिच्याच जिवावर घरातली पहिली पदवी. आणि मी काय सांगितलं तर

१४ मार्च
तीन ड्रेस झाले. मोठ्या फुलांचे, भडक, छान. फक्त काखेतल्या तुकड्याला चुण्या आल्या. मामा नीमा म्हणाली, त्या बाईला फोन लाव, विचारते. सुटका नव्हती. व्हिडिओ कॉल लावला.
आई मशीनवरच होती. तोंडातली टाचणी काढत, "काय गं आशे, आज दुपारचाच?"
दोघींनी बाह्या फोनपुढे धरल्या. मी मधे दुभाषी.
आई: "तिला म्हनाव, तुकडा तिरपा काप. आन् कोपरा आला की सुई रुतवून थांब, मग कापड फिरव."
मामा नीमाने तिथल्या तिथे करून दाखवलं. दोघी हसल्या. मग मामा नीमा फोनच्या अगदी जवळ गेली. "हिला सांग, उद्या चर्चमध्ये मी हिच्यासाठी मूल मागणार आहे."
"काय म्हनती गं? डोळं भरल्यात तिचं."
"तुझं काम आवडलं म्हणते."
"येवढ्यासाठी रडती? लई मायाळू बाई हाय."

२६ एप्रिल, वडवणी
रजेवर. आईने माझं तोंड बघायच्या आधी माझा हात वर करून काख बघितली. "बसलं की गं!" शेजारच्या शमीमचाचींना हाक मारून दाखवलं. त्यांचा फळांचा गाडा आहे, तो सोडून आल्या. "क्या सुमनबाई, अब तुमारी ब्रँच निकली आफ्रिके में!"
मामा नीमाने आईसाठी कापड दिलंय. कशासाठी दिलंय ते मला माहीत आहे. आईने नाकाला लावून वास घेतला, घडी उशाला ठेवली.

२८ एप्रिल
कापड बेतताना आईने विचारलं, "बाईला मामा कावून म्हनतात गं?" बेसावध होते, सगळी रीत सांगून टाकली. ती हसत सुटली. "म्हंजी मी तिथं मामा आश्विनी!"
संध्याकाळपर्यंत शमीमचाचींनाही सांगून झालं. रात्री भाकरी करताना मात्र म्हणाली, "पन फोनवर तसं म्हनली न्हाई ती."
"आवाज तुटत होता."
"हं."
आईशी हे दुसरं खोटं. तिने लगेच मानलं.

३० एप्रिल
कापडाचं झंपर झालं. फोन लाव म्हणते. काल म्हटलं तिकडे लाइट नाही, आज सकाळी म्हटलं रेंज नाही. "तुजी आफ्रिका वडवणीपेक्षा बेकार हाय मग," म्हणाली.
दोनदा खरं सांगायला गेले. एकदा ती दोरा ओवत होती, म्हणाली, "थांब, बोलू नको." एकदा मीच पाणी पिऊन परत आले.

१ मे
आज तिने झंपर घातलं, आरशात बघितलं. "मी आश्विनीची आई, हे तेंच्या भाषेत कसं म्हनायचं? मलाच बोलू दे. तू मधी नको."
चुकीचं वाक्य शिकवायचं मनात आलं. तिला कळलं नसतं. इथपर्यंत आले मी.
बरोबर शिकवलं. मिमी नि मामा अश्विनी.
पायमशीन चालवत पन्नास वेळा म्हणाली असेल. चार वाजता लावायचाय फोन. तिकडे तेव्हा दीड, मामा नीमा दुकानातच असते.
पावणेचार. आई आत वेणी घालते आहे, मोठ्याने म्हणते आहे. मी उठते आता, फोन लागायच्या आधी सांगते.