निंबापासून बावीस फूट

मी, रुपचंद जीवराम चौधरी, वय वर्षे पंच्याहत्तर, धंदा शेतांतल्या ठिबकच्या पाइपलाइनचे नकाशे काढणे (आता बंद), मूळ गाव पहूर, हल्ली मुक्काम जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला असून माझ्या पत्नीला तो पटलेला नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, आणि कोणी काढून दाखवलंच तर ते खोटं समजावं.

१. जळगावचं राहतं घर आणि बँकेत जे असेल ते सर्व पत्नी कोकिळा हिचं. तिने कोणाला विचारायचं नाही, आणि तिला कोणी शिकवायचं नाही.

२. पहूरचं दोन एकर शेत मुलगा ललित याचं. मात्र कलम ६ पाळलं तरच.

३. ललितबद्दल एक राग नोंदवून ठेवतो. चार वर्षांपूर्वी माझा जुना कॉम्प्युटर जळाला. ललितने नवा आणला, त्याबद्दल आभार. पण त्यावर माझा नकाशांचा प्रोग्राम चालेना, तेव्हा हा म्हणाला, "आबा, आता द्या ना सोडून." सत्याण्णव सालापासूनच्या चारशे एकतीस शेतांतले पाइप त्या प्रोग्राममध्ये आहेत. जमिनीखालचा पाइप वरून दिसत नाही. तो फुटला तर कुठे खणायचं हे त्या नकाशाशिवाय कोणाला कळणार? सोडून काय द्या!

प्रोग्राम करणारी पुण्याची कंपनी केव्हाच बंद पडली होती. दोन दुकानदारांनी बघितलं, दोघांनीही मान हलवली आणि मला नवीन काहीतरी विकू पाहिलं. त्यांची नावं लिहीत नाही, त्यांना तेवढीही जागा द्यायची नाही.

४. नवा कॉम्प्युटर, जुन्या फ्लॉप्या, प्रिंटर आणि सगळे नकाशे प्रज्ञा यादव तायडे, कॉम्प्युटर दुरुस्ती, जळगाव, यांना द्यावेत. शेतकऱ्याने मागितल्यास नकाशाची प्रत त्यांनी द्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. कारण असं.

प्रज्ञाताई आल्या आणि म्हणाल्या, "आबा, चालत नाही म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी मला करून दाखवा." तोपर्यंत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी दाखवलं. त्यांनी सगळ्याची आधी नक्कल केली, मूळ मालाला हात लावला नाही. मग चाळीस पानी वही काढली. डाव्या पानावर काय बदललं, उजव्या पानावर त्याने काय झालं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. उपयोग झाला नाही, तर ती आधी होती तशी करायची आणि मगच दुसरीला हात घालायचा. पंच्याहत्तर वर्षांत इतकं सरळ काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि यात मी स्वतःलाही धरतो.

नव्या विंडोजला जुन्या चालीने वागायला सांगून पाहिलं. जमलं नाही, वहीत लिहिलं. मग त्यांनी नव्या मशिनच्या पोटात एक जुनं मशीन उभं केलं आणि त्यात प्रोग्राम उघडला! मराठीच्या जागी नुसते कंस आणि स्वल्पविराम आले. जुना फॉन्ट शोधून बसवला, अक्षरं परत आली. छापल्यावर शंभर फुटांची रेघ त्र्याऐंशी भरायची, कारण प्रिंटर कागदात मावावं म्हणून चित्र लहान करत होता. तेही बंद केलं. मी त्या दिवशी पेढे आणले.

पुढच्याच एप्रिलमध्ये शिरपूरकडच्या अभिमन पाटलांचा फोन आला. मेन पाइप फुटला होता, केळी माना टाकायला लागली होती. नकाशात लिहिलं होतं, 'निंबापासून बावीस फूट'. ललित आणि प्रज्ञाताईंना घेऊन मी तिथे गेलो. विहिरीजवळ निंबाचं मोठं झाड होतंच. बावीस फुटांवर खणलं, पाइप नाही. आणखी दोन खड्डे केले, तरी नाही. ललित म्हणाला, "नव्या मशिनवर जुना प्रोग्राम खोटंच दाखवणार." मलाही तसंच वाटलं, हे लाजेने लिहितो.

प्रज्ञाताईंनी तिथेच वही उघडली. फोन करून आपल्या दुकानात, तिथल्या नकलेवरून, शंभर फुटांची रेघ पुन्हा छापायला लावली, मोजायला लावली. बरोबर भरली. मग त्या माझ्याकडे वळल्या. "आबा, मशीन तपासून झालं. आता शब्द तपासू. निंबापासून म्हणजे झाडापासूनच, हे कोणी सांगितलं?"

मी बांधावर बसलो आणि ती नोंद पुन्हा वाचली.

५. निंबा चुडामण माळी हा वीस वर्षांहून जास्त माझा जोडीदार. मी मापं लिहायचो, तो टेपचं टोक धरून उभा राहायचा. प्रोग्राममध्ये खुणेसाठी जागा बारा अक्षरांची. 'निंबा उभा आहे तिथपासून' एवढं मावायचं नाही, म्हणून मी 'निंबापासून' असं ठोकून द्यायचो. माणूस काही झाडासारखा जागेवर राहत नाही, हे या शहाण्याला तेव्हा सुचलं नाही. अशी अठ्ठावन्न शेतं निघाली.

त्याच्याशी मी अकरा वर्षं बोललो नव्हतो. एका शेतात पाइप वाकडा गेला आणि मी चार माणसांसमोर म्हणालो, निंबाने टेप सरळ धरली नाही. त्याने टेप खाली ठेवली आणि तो निघून गेला. माप मीच चुकीचं लिहिलं होतं. ते मला घरी गेल्यावर कळलं, आणि मी गप्प बसलो. हे आज लेखी कबूल करतो.

बांधावरून प्रज्ञाताईंनी मला त्याच्याकडे नेलं. मी दारातच म्हणालो, "निंबा, चूक माझी होती." त्याने पायात चपला घातल्या आणि तो आमच्याबरोबर निघाला. अभिमनच्या शेतात झाडाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. पार दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. "मी आठेच हुभा व्हतू. पायले काटा लागना व्हता. माले बठ्ठं याद शे." त्याला काट्यासकट सगळं आठवत होतं. तिथून बावीस फुटांवर दुसऱ्याच फावड्याला पाइप लागला. केळी वाचली.

त्यानंतर प्रज्ञाताईंनी दोन हिवाळे निंबाला स्कूटरवर मागे बसवून शेतं पालथी घातली. तो उभा राहायचा, त्या तिथपासून विहीर, खांब, बांधाचा दगड मोजायच्या आणि नोंद बदलायच्या. सत्तावन्न शेतं झाली. मी त्यांना विचारलं, एवढं कशाला? त्या म्हणाल्या, "आबा, प्रोग्राम मी चालू केला. त्यातलं खरं आहे ते निंबानानांच्या पायाखाली. ते गेल्यावर मी काय चालू करणार?"

स्टीलची टेप निंबाला द्यायची होती. पण ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणतात. म्हणून ती मी परवाच त्याच्या हातात दिली. आता मृत्युपत्राने त्याला काहीच मिळत नाही, तेव्हा त्याची सही चालेल; टेप मिळाल्याचं त्याने सहीपुढेच लिहावं.

६. अठ्ठावन्नावं शेत माझं, पहूरचं. त्याची नोंद आहे, 'निंबापासून सात फूट'. प्रज्ञाताई ती बदलायला निघाल्या होत्या, मी थांबवलं. निंबा जिथे उभा होता ती जागा त्याने ललितला दाखवून ठेवली आहे. माझे दिवस झाल्यावर ललितने तिथे निंबाचं झाड लावावं आणि पहिली तीन वर्षं स्वतः पाणी घालावं. नोंदीतलं एक अक्षरही बदलू नये.

लिहून देणार: रुपचंद जीवराम चौधरी (सही)

आम्हा दोघांदेखत त्यांनी सही केली:
१. किरण महाजन, शेजारी (सही)
२. निंबा चुडामण माळी (सही) – टेप मियनी. सरळ धरसू.

जळगाव, दिनांक ९ फेब्रुवारी २०२५