आईंची टेकडीवरची वाट

अहो,

रात्रपाळी करून तुम्ही याल तेव्हा आम्ही घरात नसू. मी आईंना घेऊन वनखात्याच्या टेकडीवर फिरायला गेलेय. पोहे झाकून ठेवलेत, चहा तेवढा करून घ्या.

एक गोष्ट तोंडावर सांगायला जमेना, म्हणून लिहितेय. रविवारी सकाळी आई एकट्याच टेकडीवर गेल्या आणि दहा वाजले तरी परतल्या नाहीत. मी बघायला गेले, तर तळ्याच्या वळणावर उभ्या होत्या. तिथली निम्मी झाडं त्यांनी रोजंदारीवर असताना लावलीत, आणि मला विचारतात, "रेश्मा, आपलं घर कोन्या अंगाला हाय गं?" मग माझा हात घट्ट धरला. "हर्षलला सांगू नको. तो मला घरात बसवील."

ही तिसरी वेळ. आधीच्या दोन मी लपवल्या, चुकलंच माझं. रविवारपासून जीव थाऱ्यावर नाही. गेट वाजलं की धावत बाहेर जाते, भाजी दोनदा करपली.

आज सकाळी त्यांना सांगून टाकलं, की मी आता लपवणार नाही. वाटलं, रागावतील. त्यांनी चपला घातल्या आणि म्हणाल्या, "मग त्यालाबी बोलव. लई दिस झालं, माज्यासंगं चालला न्हाई तो."

संध्याकाळी पाचला डॉक्टरांची वेळ घेतलीय. त्याआधी, चहा झाला की लगेच, टेकडीवर या. गाडी पायथ्याला लावा. आईंना काही विचारू नका, आज त्या नेतील त्या वाटेनं चला.

रेश्मा