सालाखालची अळंबी आणि अण्णांचा देव

९ मार्च १९९६
चकियाच्या जंगलातून परत. बसमध्ये सगळी वाट उभी, पायांचे तुकडे पडलेत. आमच्या सालाच्या झाडावरही पांढरा पट्टा मारलाय, म्हणजे तोडणार. ती जांभळट देठाची अळंबी त्या एकाच झाडाखाली उगवते. तीन पावसाळे रान तुडवलं, दुसरीकडे दिसली नाही. तिचे तंतू झाडाच्या मुळांना धरून असतात. झाड गेलं की तीही गेली. जंगलखात्याचे साहेब म्हणाले, "मॅडम, कुकुरमुत्ता ही तो है।" कुत्र्याची छत्रीच ना, म्हणून हसले. मेला.

१० मार्च
जेवताना बोलून गेले. अण्णा भडकले. "नले, पानावर बसून त्या घाणीचं नाव नको." जन्म गेला ब्रह्मा घाटावर वेद शिकवण्यात, त्यांच्या लेखी अळंबी म्हणजे अभक्ष्य. लेक कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते हे कसंबसं चालवून घेतलंय. पण हात धुताना हळूच, "झाड कोणतं म्हणालीस?"

१७ मार्च, रविवार
अण्णा हट्टाने बरोबर आले. या वयात! झाडाखाली एक गोटा ठेवला, तेलात शेंदूर कालवून फासला, आणि यथासांग प्रतिष्ठा. मला हसू आवरेना. जंगलखात्याचा गार्ड मात्र चपला काढून हात जोडून उभा. "बाबा के थान ह। अब के काटी?" देवाचं स्थान झालं, आता तोडणार कोण, म्हणे.
परतताना माझ्या खांद्यावर झोपले. अभक्ष्य म्हणतात, आणि माझ्यासाठी... रडू आलं.

६ एप्रिल
आजूबाजूची झाडं गेली. आपलं शाबूत! साहेबही नमस्कार करून गेले म्हणे. अण्णा घाटावर भेटेल त्याला ऐकवताहेत.

१९ मे
ऊन भयंकर. झाडाखालचा पाचोळा साफ. गावच्या बायका रोज झाडतात, शेणाने सारवतात. नवस बोलताहेत, कुणाची म्हैस सापडली म्हणे. मी म्हटलं, पानं राहू द्या, खाली जीव आहे. एक म्हातारी, "देवता के आगे कूड़ा रहे देईं?"
तिच्या लेखी तो देवापुढचा कचरा. अण्णांना सांगितलं नाही.

२३ जून
चबुतरा बांधलाय. सिमेंटचा, बुंध्याला लागून चहूबाजूंनी. नेमकी अळंबी उगवते तीच माती झाकली. मला मानाने बसवलं, पंडितजींची मुलगी म्हणून. प्रसाद दिला. खाल्ला. दुसरं काय करणार होते?

४ ऑगस्ट
रानभर बाकीच्या अळंब्या माजल्यात. ती नाही. चिखलात गुडघे टेकून चबुतऱ्याच्या कडेकडेने बघितलं. नाही.

१८ ऑगस्ट
आज गावच्या प्रधानाशी, म्हणजे इथल्या सरपंचाशी, बोलले. चांगला माणूस. चबुतरा फोडायला त्याची ना नाही, पण आधी देव उठवायला हवा. आणि ज्यांनी बसवला त्यांनीच. म्हणजे अण्णांनी.
वैताग आलाय नुसता. अळंबीचा, देवाचा, माझा स्वतःचा.

२५ ऑगस्ट
शेवटी अण्णांना विचारलं. सायंसंध्या आटोपून बसले होते. सगळं सांगितलं, झाडण्यापासून सिमेंटपर्यंत. प्रधानाची अटही.
"देव उठवला तर झाड राहील?"
म्हटलं, सांगता येत नाही. पुन्हा पट्टा मारतील.
"आणि नाही उठवला तर तुझी ती..." नाव घेतलं नाही.
"मरेल. मेलीही असेल. माती उघडी केल्याशिवाय कळणार नाही."
"बसवलेला देव मी कधी उठवलेला नाही, नले." मग माझ्याकडे न बघता, "तू म्हणशील तसं करतो."
आयुष्यभर माझं एक ऐकलं नाही, आणि आज ऐकायला बसले. देव उठवा म्हणू की नको, मलाच ठरेना. म्हटलं, आधी जेवून घ्या.