कॉम्प्युटरमागचे मासे

एस्तान्सिया, शुक्रवार

मानोंग देओ, म्हणजे आमच्या थोरल्या दादांस, धाकट्या मेहुण्याचा, आर्तेमियोचा, नमस्कार. बाकोलोदची हवा तुमच्या गुडघ्यांना मानवत असेल आणि तुम्ही घरात असतानाही मानांग वहिनींचा रक्तदाब ताब्यात राहत असेल अशी आशा करतो. इकडे नानाय, म्हणजे तुमच्या आई आणि माझ्या सासूबाई, ठणठणीत आहेत. माझ्यापेक्षा तर नक्कीच.

पत्रास कारण, तुम्ही स्वतः जोडून बोटीने पाठवलेला कॉम्प्युटर. तुमची बहीण मिंडा जेद्दाला नर्स म्हणून गेल्यापासून आमचा संसार शुक्रवारी दुपारी त्याच्यावरच चालतो. तिला सुटी असते. ती तिकडून आणि मी इकडून, दोघं मिळून खेळातले राक्षस मारतो. (नुसतं फोनवर बसलो की ‘जेवलीस का’च्या पुढे गाडी जात नाही. राक्षस अंगावर आला की तीच मिंडा खदाखदा हसते आणि वॉर्डातलं सगळं सांगून मोकळी होते.) पण पावसाळा लागला आणि ऐन लढाईत पडदा काळा, यंत्र गप्प! दर शुक्रवारी तेच. शेवटी ती म्हणाली, “माझा कंटाळा आला असेल तर सरळ सांगा ना, असं मधेच उठून काय जाता?” मानोंग, मला त्या रात्री भात गेला नाही.

मग मी कंबर कसली. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या, खेळ पुसून नव्याने भरला, धूळ झटकली. शेजारचे कुम्पारे दोदोंग (आमच्या पोराचे धर्मपिता, आणि ज्यात कळत नाही त्यात आधी बोलणारे) म्हणाले, “यंत्राला वीज पुरवणारा आतला डबाच फुसका! मेहुण्याने स्वस्तातला बसवला असणार.” मला ते पटलं, आणि तुमच्याविषयी मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. पाद्रीबाबांना बोलावून पवित्र पाणी शिंपडायचंही ठरत होतं. विजेच्या वस्तूवर पाणी नको, असं म्हणून पाद्रीबाबांनीच माघार घेतली. खरं निदान फक्त आमच्या मांजराला झालं होतं. ते रोज यंत्रामागे ध्यान लावून बसे, आणि मी त्याला हाकलत असे.

आज दुपारी पडदा काळा झाला तसा मीही मांजरामागोमाग वाकून पाहिलं. यंत्राची गरम हवा जिथून बाहेर पडते, तिथे बांबूचं सूप अगदी चिकटवून उभं, आणि त्याला ओळीने टोचलेले खारवलेले मासे! पावसात गच्चीवर ऊन नाही, म्हणून नानायने ही सोय काढली होती. मिंडासाठी खोक्यात भरून जेद्दाला पाठवायचे मासे. हवा कोंडायची, यंत्र तापायचं आणि जीव वाचवायला आपणच बंद पडायचं. राक्षस जितका मोठा, तितका मासा कडक. मी चिडलो. नानाय शांतपणे म्हणाल्या, “तुझा खेळ महत्त्वाचा, का माझ्या लेकीच्या तोंडची चव?” मी सूप उचलून चुलीजवळ नेलं. खेळ पुन्हा लावला, तासभर धडधाकट चालला. तुम्ही निर्दोष सुटलात, अभिनंदन. काही मागणं नाही.

तुमचा,
आर्तेमियो

ता. क. पाकीट चिकटवणार होतो, तेवढ्यात आठवलं म्हणून लिहितो. सूप हलवल्यावरही नानाय यंत्रामागून हलल्या नाहीत. झाडू हाती घेतला आणि तेवढीच फरशी तासभर झाडत राहिल्या. मिंडा हसली की झाडू थांबायचा. मी म्हटलं, “नानाय, खुर्ची घेऊन पुढे बसा की, बोला तिच्याशी.” तर म्हणाल्या, “नको रे. माझ्याशी बोलताना ती रडते. मी इथे आहे हे सांगू नकोस.” चुलीपाशी मासे एकटेच होते, मांजराची आज चंगळ झाली.

दुसरा ता. क. तेव्हा मागणं आहे. एक स्पीकर पाठवा, आणि त्याला लांब वायर. किती लांब म्हणाल, तर यंत्रापासून चुलीपर्यंत. नानायला सांगायचं, मांजर पळवायचं यंत्र आहे.