ओट्यावरच्या दिव्याची पट्टी

अण्णा, आपल्या स्वयंपाकघरात ओट्यावरच्या कपाटाखाली दिव्याची पट्टी लावायची होती, आणि ती कशाने चिकटवायची हे ठरवायला मला तीन आठवडे लागले. तुम्ही असतात तर तीन मिनिटांत ठरवलं असतंत, आणि पुढचा तासभर मला ते ऐकावं लागलं असतं. मुलुंडच्या त्या चिकटपट्ट्यांच्या कारखान्यात तुम्ही तपासनीस होतात. स्टीलच्या पत्र्यावर पट्टी लावायची, तिला वजन टांगायचं आणि ती किती वेळात सुटते ते घड्याळात बघायचं, एवढं तुमचं काम. आणि एवढ्या ज्ञानावर तुम्ही अख्ख्या मजल्याला छळलंत. शेजारच्या काकू तुटलेली चप्पल घेऊन आल्या की आधी त्यांना स्वच्छतेवर व्याख्यान, मग त्यांच्यासाठी आईने केलेला चहा, आणि मग चप्पल. मी चौथीत असताना शाळेचा तक्ता खळीने भिंतीला चिकटवला, तो रंगाच्या पापुद्र्यासकट खाली आला, तेव्हा तुम्ही पाहुण्यांसमोर म्हणालात, "गाढवालासुद्धा कळतं, आधी धूळ पुसावी." पाहुणे हसले. गाढवाला हे कसं कळतं, ते मला अजून समजलेलं नाही.

तुमचं हे सगळं शास्त्र उंबऱ्याबाहेरच्या लोकांसाठी होतं. बाहेरच्या खोलीत दोन ट्यूबलाइट, त्यातली एक नेमकी तुमच्या खुर्चीवर. स्वयंपाकघरात दाराशी एक पिवळा बल्ब, म्हणजे आई ओट्याशी उभी राहिली की तिचीच सावली तिच्या विळीवर. तिने एकदाच ट्यूब मागितली. मला तो दिवस दिसतो : तुम्ही पेपर दुमडता, चष्मा कपाळावर सरकवता आणि विचारता, "का? भाताला पेपर वाचून दाखवायचाय?" स्वतःच्या विनोदावर तुम्ही खूप वेळ हसलात. कारखान्यात चिकटपट्टी सुटली तर तुम्हाला झोप लागत नसे, आणि घरातली बाई चाचपडत भाजी चिरते याचं तुम्हाला हसू यायचं. यासाठी मला शब्द सापडत नाही. सापडला तर तो वडिलांसाठी वापरता येणार नाही असा असेल.

आता आईच्या डोळ्यांचा पडदा मधोमध विरत चाललाय. कडेचं दिसतं, समोरचं पुसट होतं. डॉक्टर म्हणाले, उजेड भरपूर ठेवा. त्यात पलीकडची तीन मजली सोसायटी पाडून तिथे टॉवर उभा राहिला, त्यामुळे स्वयंपाकघरात सकाळी दहालाही संध्याकाळ असते. मागच्या महिन्यात तिने भाकरी उलटायला हात नेला तो तव्याच्या कडेवर. धाकटा कांदिवलीहून आला, फडकं गुंडाळलेला हात पाहिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, गॅस बंद कर. डबा लाव. महिनाभरात जमत नसेल तर मी तिला घेऊन जातो." त्याला घाई फार. त्याच्या हॉलमध्ये छताला दिव्यांची पट्टी आहे, ती जांभळी होते, हिरवी होते. पाहुणे आले की तो रिमोट दाबून दाखवतो, जणू सूर्य त्याच्या सांगण्यावरून उगवतो. त्याला हसताना मी स्वतःला थांबवलं, कारण निदान तो काहीतरी ठरवत होता. तो गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "गॅस काढलात तर मग मी या घरात पाहुणीच ना गं?"

तेव्हा मी पट्टी आणली. तिच्या पाठीलाच चिकट कागद असतो, सोलायचा आणि लावायचा, तशी लावली. तिसऱ्या दिवशी ती आमटीत पडली. स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारायला गेले, तर दुकानदाराने झटपट चिकटणाऱ्या गोंदाची इवलीशी नळी पुढे केली आणि म्हणाला, "मॅडम, हे लावा. माणूस पण चिकटेल." मला माणूस चिकटवायचा नव्हता. तो गोंद वाळला की काचेसारखा कडक होतो आणि वाफ-उष्णतेत तडकतो, हे मी वाचलं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, तर एकाने गरम गोंदाची बंदूक सुचवली, म्हणजे शेगडीवर पुन्हा मऊ होणारा गोंद. दुसऱ्याने माशांच्या काचेच्या टाकीला लावतात ते सिलिकॉन सुचवलं, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो आणि ज्याने दिव्याच्या पट्टीतलं तांबं खराब होतं. तिसऱ्याने फक्त हात जोडल्याचं चित्र टाकलं. स्क्रू मारावेत तर फळी एवढी पातळ की टोकं वरच्या डब्यांत निघतील. इतकी माणसं, इतकी खात्री, आणि एकानेही विचारलं नाही की चिकटवायचंय कशावर.

ते मीही विचारलं नव्हतं. शेवटी एका दुपारी टॉर्च घेऊन ओट्यावर चढले आणि कपाटाच्या खालच्या बाजूला बोट लावलं, तर बोट घसरलं. फोडणीचा थर असेल म्हणून आईला विचारलं, तर ती अगदी सहज म्हणाली, "अगं, समईत उरलेलं तेल आहे ते. देवाचं तेल ओतून टाकायचं नसतं, म्हणून दर शुक्रवारी कपाटांना लावते. लाकूड बघ कसं तुकतुकीत राहिलंय." म्हणजे लग्न होऊन आल्यापासून दर शुक्रवारी. जगातला कुठलाही गोंद या भक्तीपुढे टिकला नसता. आणि तुम्ही, पृष्ठभागाचे महापंडित, त्याच कपाटाखाली हात धुवायला रोज जात होतात.

मी भांड्यांच्या साबणाने ती फळी घासली, वाळवली, मग मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात त्या अल्कोहोलने पुसली, फडकं पांढरं निघेपर्यंत. अॅल्युमिनियमची पन्हळ आणली, ती वास नसलेल्या, तांब्याला न खाणाऱ्या सिलिकॉनने चिकटवली आणि वाळेपर्यंत कागदी चिकटपट्ट्यांनी धरून ठेवली. आईला सांगितलं, उद्या या वेळेपर्यंत गॅस नाही. ती दिवसभर बाहेरच्या खोलीत तुमच्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून बसली. गॅस नसलेलं घर कसं असतं, ते तिने आणि मी दोघींनी त्या दिवशी बघून घेतलं. दुसऱ्या दिवशी पन्हळीला धरून मी जवळजवळ लोंबकळले. ती हलली नाही. आत दिव्याची पट्टी बसवली, वर पांढरं झाकण सरकवलं.

रविवारी धाकटा आला तेव्हा आई भाकऱ्या करत होती. ओट्यावर असा लख्ख उजेड की पिठाचा कण दिसावा. ती मधूनच थांबली, दोन्ही हात दिव्याखाली धरून कडेच्या नजरेने पाहू लागली, मनगटापासून कोपरापर्यंत. "एवढे डाग होते का गं मला?" तिने विचारलं. धाकट्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि गॅसचा विषय काढला नाही. ताट ठेवायला आत आला तेव्हा वर बघत, अगदी सरळ मनाने त्याने विचारलं, "ताई, हे आधीच का नाही केलंस?"

मी म्हणाले, "अण्णांना चाललं नसतं."

आईने मान वर केली नाही. तव्यावरची भाकरी उलटली.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. चालणं-न चालणं तुमच्याबरोबरच गेलं. या चौदा वर्षांत दाराशी तो पिवळा बल्ब गेला की दर वेळी नवा मीच आणला, तसाच, तेवढ्याच उजेडाचा, आणि तुम्हाला नावं ठेवत लावला. आयतं ताट बाहेरच्या खोलीत तुमच्या ट्यूबखाली बसून खाल्लं. तुम्ही तिला नाही तरी म्हणालात. मला तर तिथे ट्यूब लावायचं सुचलंच नाही. हे तुम्हाला पाठवायची सोय नाही. ज्या एका माणसाला हे सांगायला हवं, तिला आता अक्षरं दिसत नाहीत, वाचून दाखवावं लागेल. मी दाखवणार नाही.