सुट्टीच्या दिवशी संपलेली मुदत

आमच्या मालकीणबाईंना,

मी सुखरूप आहे. खोली बरी मिळाली, पाणी वेळेवर येतं. काळजी करू नकोस.

मतदार यादीत तुला मयत दाखवलंय, त्यावर हरकत घ्यायची काल शेवटची तारीख. दहाला कचेरीत पोचलो तर दाराला कुलूप. पहारेकरी म्हणाला, "बाबा, आज इथली स्थानिक सुट्टी." आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात ती तारीख काळीच होती गं, दोनदा बघून निघालो होतो. दुपारपर्यंत पायरीवर बसून राहिलो, कोणी येईल म्हणून.

आज उघडताच अर्ज दिला. कारकून म्हणाला, "शेवटच्या दिवशी सुट्टी आली की मुदत पुढच्या दिवसावर जाते." पण शिक्का आजच्या तारखेचा पडला. उद्या दुसऱ्या साहेबाने उशीर झाला म्हटलं तर? मी हटूनच बसलो. शेवटी त्याने शिक्क्याशेजारी लिहून दिलं, "काल सुट्टी होती." वर वैतागून म्हणतो, "आजी कशा सांभाळतात हो तुम्हाला?" म्हटलं, "अहो, तेच तर अर्जात लिहिलंय, अजून सांभाळते आहे."

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना?

निकाल हातात पडेपर्यंत मी इथेच थांबतो. पंधरा दिवसांत घरी चौकशीला माणूस येईल. सूनबाईला दार उघडू देऊ नकोस. गुडघा दुखला तरी तूच ऊठ, आणि त्याच्याशी चांगलं मोठ्याने बोल.

तुझाच,
घाबरट म्हातारा